हे चर्च कुठलं? आणि अशी जुनी छापचित्रं कितपत खरी धरायची?

डोंबिवलीकर_नातू (धागालेखक)
नमस्कार मंडळी. आजोबांची गिरगावातली खोली रिकामी केली तेव्हा एक फ्रेम माझ्या वाट्याला आली, म्हणजे खरं तर बाकी कोणाला नको होती म्हणून आली. काळ्या बारीक रेघांचं चित्र, वहीच्या पानाएवढं, एका भल्यामोठ्या चर्चचं. लहानपणापासून "लंडनचं देऊळ" असंच ऐकत आलोय. आजोबा छापखान्यात ब्लॉक, म्हणजे चित्रं छापायचे धातूचे ठसे करायचे, देवधर्म बेताचाच, त्यामुळे हे घरात कशाला हा प्रश्न आजीलाही पडायचा.

काल पहिल्यांदा काच पुसून नीट बघितलं तर गडबड वाटली. उजवीकडे चर्चचा उंच भाग, टोकदार खिडक्या, बाहेरून टेकू दिलेले, एकदम झकास. डावीकडे एक जाडजूड बुरूज, पण वरून कापल्यासारखा. आणि या दोघांच्या मधे बुटकी छपरं, जणू पुढचे दात पडलेत. सगळ्यात विचित्र म्हणजे त्या बुरुजाच्या डोक्यावर एक वाकडी लाकडी मान आहे, पाण्यावर वाकलेल्या बगळ्यासारखी. खालची अक्षरं फ्रेमखाली गेलीत, "डेल" एवढंच वाचता येतंय. फोटो डकवतोय.

तर हे चर्च कुठलं? आणि ते खरंच असं होतं, की चित्रकाराने मनाने काढलंय?

मुंबैचा_पोपट
लंडन म्हणजे सेंट पॉल ना? पण त्याला घुमट आहे. इथे घुमट कुठाय. नापास.

कोकणकन्या
गोवा नाही ना? ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टिनचा असा एकच अर्धा मनोरा उभा आहे, बाकी सगळं पडलेलं. मी कॉलेजच्या सहलीत पाहिलाय.

वास्तुशांती
नाही हो कोकणकन्याताई, तो मनोरा जांभ्या दगडाचा आणि घडण पूर्ण वेगळी. जुन्या गोव्यातल्या मोठ्या चर्चांना लोक सर्रास गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपी धाटणीची, म्हणतात पण बॉम जीझस वगैरे बरोक, म्हणजे त्यानंतरच्या नक्षीदार वळणाची. गोव्यात गॉथिक धाटणीचं बघायचं तर साळगावचं चर्च बघा, पांढरंशुभ्र, पण ते १८७३ चं, म्हणजे नव-गॉथिक, जुन्या धाटणीची नंतरची नक्कल. फोटोतल्या टोकदार कमानी आणि बाहेरचे उडते टेकू युरोपातलेच. फ्रान्स किंवा जर्मनी. जाणकार प्रकाश टाकतीलच.

ऱ्हाइनकाठची_राधा
जाणकार नाही, शेजारीण आहे :) हे क्योल्न. इंग्रजीत कोलोन, ज्याच्या नावाने आपल्याकडे ताप आला की कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवायचे तेच गाव. मी तिथून ट्रेनने पाऊण तासावर राहते. स्टेशनातून बाहेर पडलं की काही कळायच्या आत ते काळंकभिन्न धूड अंगावर येतं, चर्च आणि स्टेशन अक्षरशः एकमेकांना खेटून आहेत.

पण मी ओळखलं ते चर्चवरून नाही, तुमच्या बगळ्यावरून. ती क्रेन आहे! १२४८ मध्ये पाया घातला, पूर्वेकडचा भाग १३२२ मध्ये वापरात आला, मग पश्चिमेचा दक्षिण बुरूज चढवत चढवत सोळाव्या शतकात पैसे आणि उत्साह दोन्ही आटले. काम थांबलं, क्रेन वरच राहिली. कधीपर्यंत? १८६८. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म झाला, राज्याभिषेक झाला, पानिपत झालं, पेशवाई बुडाली, सत्तावनचं बंड झालं, आणि ती आपली तिथेच मान वाकवून उभी. शहराची ओळखच झाली होती ती.

तुमच्या चित्रात मधला भाग बुटका आहे म्हणजे हे दृश्य १८४२ च्या आधीचं, किंवा फार तर त्या सुमाराचं. १८४२ ला प्रशियाच्या राजाने पुन्हा पायाभरणी केली आणि १८८० मध्ये दोन्ही मनोरे पुरे झाले, १५७ मीटर. पुढची चारेक वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत. वर जायला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही, सासूबाईंना घेऊन जाऊ नये. (अनुभव.)

तात्या_सदाशिवपेठी
बांधकाम बंद आणि क्रेन तशीच वर. यात विचित्र काय आहे? आमच्या गल्लीच्या तोंडाशी या.

मुंबैचा_पोपट
तात्या, सहाशे बत्तीस वर्षांत पझेशन दिलं त्यांनी. तुमचा बिल्डर देईल का ते आधी सांगा.

डोंबिवलीकर_नातू
राधाताई दंडवत! म्हणजे साठ वर्षं आम्ही क्योल्नला लंडन समजत होतो. म्हणजे चित्र खरं आहे तर? क्रेन, अर्धवट बुरूज, सगळं होतंच.

शिळाप्रेस
थांबा, "खरं" हा शब्द जपून. मी आयुष्यभर छापचित्रं शिकवली आहेत, आता निवृत्त, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी नातवासाठी. "डेल" म्हणजे लॅटिन डेलिनिआव्हिट, "याने रेखाटलं". ते चित्राखाली डावीकडे असतं. उजवीकडे "स्कल्प" सापडेल, म्हणजे स्कल्पसिट, "याने कोरलं". दोन माणसं वेगळी. पहिला जागेवर जाऊन रेखाटन करायचा, दुसरा कुठल्यातरी गावात खिडकीशी बसून धातूच्या पत्र्यावर ते उलटं कोरायचा, आणि त्या दुसऱ्याने चर्च आयुष्यात पाहिलेलं असेलच असं नाही. आता तुम्हीच ठरवा किती खरं.

भिंग घ्या आणि रेघांची टोकं बघा. ब्युरिनने, म्हणजे कोरणीने ढकलत नेलेली रेघ बारीक सुरू होते, मधे फुगते आणि पुन्हा निमुळती होऊन संपते, तांदळाच्या दाण्यासारखी. ॲसिडने खाल्लेली रेघ, ज्याला एचिंग म्हणतात, ती टोकाला बोथट असते. मग आकाश बघा. त्यातल्या आडव्या रेघा फूटपट्टीने मारल्यासारख्या एकसारख्या आणि अगदी जवळजवळ असतील तर त्या हाताच्या नाहीत, रेघा मारायचं यंत्र असायचं. आणि एकूणच रेघा केसासारख्या बारीक, करड्या झाक मारणाऱ्या असतील तर बहुधा स्टीलवरचं काम, १८२० नंतरचं. तांब्याचा पत्रा काही शे छापांत झिजायला लागतो, स्टील हजारोंना पुरतं. त्या काळात ऱ्हाइन नदीची सहल हा मोठा फॅशनचा प्रकार होता आणि स्टीलवरच्या चित्रांची सफरीची पुस्तकं भरपूर निघत, टॉम्बलसनचं १८३२ चं त्यातलं प्रसिद्ध. अशी पुस्तकं फाडून पानं सुटी विकायचा धंदा आजही जोरात आहे. त्यामुळे किमतीची स्वप्नं बघू नका.

खादाड_खंडू
किमतीचं स्वप्न भंगलं. धागा बंद करा.

कोकणकन्या
शिळाप्रेस काका, धातूवर उलटं कोरायचं हे वाचून आमच्या भांड्यांवर नावं घालणारा आठवला. लग्नाच्या सीझनला भांड्यांच्या दुकानाबाहेर बसायचा, छोटीशी हातोडी आणि खिळ्यासारखं हत्यार, ठकठकठक करत टिंबाटिंबांनी अख्खं नाव, तारीख, "यांजकडून सप्रेम". आता मशीन आलंय, अक्षर एकदम गचाळ. आमच्या एका कळशीवर आईचं नाव "सुमन" ऐवजी "सुमान" झालंय आणि ते आता कायमचं, चाळीस वर्षं झाली.

शिळाप्रेस
कोकणकन्या, अगदी तोच हात! फरक एवढाच की भांड्याचा शेवट भांड्यावरच होतो, इथे त्या खाचेत शाई भरून, वरची पुसून, ओल्या कागदावर दाबून छाप घेतात. आणि चूक दुरुस्त होते बरं का. ती जागा खरवडायची, घासून गुळगुळीत करायची, मग तिथे खड्डा पडतो म्हणून पत्रा उलटा करून मागून ठोकून वर आणायचा आणि पुन्हा कोरायचं. सुमानची सुमन झाली असती, कळशी तेवढी चेपली असती.

तर्कटराव
मूळ प्रश्नाकडे. धागालेखकाला सरळ उत्तर कोणी देत नाहीये. ही चित्रं पुरावा म्हणून धरायची की नाही? माझं मत, नाही. हॉलरचं उदाहरण घ्या. व्हेन्सेस्लाउस हॉलर, प्रागचा माणूस, लंडनमध्ये स्थायिक. १६५८ च्या डगडेल नावाच्या लेखकाच्या पुस्तकासाठी त्याने लंडनचं जुनं सेंट पॉल एचिंगमध्ये काढलं. हो पोपटराव, घुमटाच्या आधी तिथे दुसरंच सेंट पॉल होतं, लांबलचक, आणि ते गॉथिक होतं. पण त्याच्या एका चित्रात चर्चवर उंच सुळका दाखवलाय. तो सुळका वीज पडून १५६१ मध्येच जळाला होता! हॉलरचा जन्म १६०७ चा. जे त्याने पाहिलंच नाही ते त्याने काढलं. ही फोटोशॉपगिरी नाही तर काय?

वास्तुशांती
तर्कटराव, त्याच संचातल्या एका चित्रावर हॉलरने लॅटिनमध्ये काय लिहिलंय तेही सांगा ना. साधारण असं, की रोज आज पडेल उद्या पडेल अशा अवस्थेतल्या या चर्चचा चाहता मी, त्याची आठवण अशी जपून ठेवली. पुस्तक आल्यावर आठ वर्षांत लंडनची मोठी आग लागली आणि ते चर्च गेलं. आज आतून ते कसं होतं, खांबांची रांग किती लांब जायची, पूर्वेच्या भिंतीतली चक्राकार खिडकी कशी होती हे आपण बघतो ते मुख्यतः त्या माणसाच्या एचिंगांमधून. एक सुळका जास्तीचा काढला म्हणून बाकीची पानं फाडायची का? आणि लपवलंय कुठे त्याने, सुळका नसलेली चित्रंही त्याच संचात आहेत की. अगदी पश्चिमेला इनिगो जोन्स या वास्तुकाराने चिकटवलेला रोमन थाटाचा दरवाजासुद्धा त्याने जसाच्या तसा दाखवलाय, जो गॉथिक चर्चला अजिबात शोभत नाही, धोतरावर कोट घातल्यासारखा.

तात्या_सदाशिवपेठी
धोतरावर कोट उत्तम दिसतो. आक्षेप नोंदवून घ्यावा.

वास्तुशांती
नोंदवला तात्या :)

भटकभवानी
रच्याकने, हॉलर समोर वाळूचं घड्याळ ठेवून काम करायचा आणि तासाला चार पेन्स घ्यायचा असं सांगतात. कोणी गप्पा मारायला आलं की घड्याळ आडवं करून ठेवायचा म्हणे, तेवढे पैसे लावायचे नाहीत म्हणून. आमच्या ऑफिसात टाइमशीट भरणाऱ्यांना हे चित्र फ्रेम करून द्यायला हवं.

ऱ्हाइनकाठची_राधा
तर्कटराव, क्योल्नची गोष्ट ऐका मग बोला. "जे नाही ते काढलं" याचा इतका मोठा नमुना दुसरीकडे मिळणार नाही.

सुल्पिझ बॉइसरे नावाचा क्योल्नचाच एक तरुण. घरचा व्यापार, पण याला या अर्धवट चर्चचं वेड लागलं. १८०८ पासून त्याने मोजमापं घ्यायला सुरुवात केली, चित्रकार लावले, आणि १८२० च्या दशकात भलेमोठे कोरीव छाप प्रसिद्ध केले. त्यात चर्च कसं आहे एवढंच नव्हतं, पूर्ण झालं तर कसं दिसेल तेही होतं. पुरे मनोरे, पुरा मधला दालन-भाग, सगळं. जमिनीवर बुटकी छपरं आणि क्रेन, कागदावर आख्खं कॅथेड्रल. गटे, तो जर्मन महाकवी, आधी या जुन्या गॉथिक प्रकरणावर फारसा खूश नव्हता, त्यालाही या पठ्ठ्याने चित्रं दाखवून दाखवून वळवलं.

बरं मनोरे मनानेच काढले का? तर नाही. समोरच्या बाजूचा मध्ययुगातला मूळ नकाशा होता, चर्मपत्रावर, साधारण चार मीटर उंच, तो फ्रेंचांच्या धामधुमीत हरवला होता. त्याचा अर्धा तुकडा १८१४ मध्ये डार्मश्टाटला सापडला. कुठे, तर पोटमाळ्यावर, आणि असं सांगतात की त्यावर वाल का घेवडा वाळत घालायचे! उरलेला अर्धा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये सापडला. तो जोडलेला नकाशा आज चर्चमध्येच लावलाय, मी पाहिलाय. रेघा इतक्या नाजूक की समोर उभं राहिल्यावर वालाचं काही सुचत नाही.

मग १८४२ ला काम सुरू झालं ते या नकाशावरून, आणि लोकांनी पैसे दिले ते त्या छापचित्रांनी तयार झालेल्या हवेवर. आता सांगा, बॉइसरेचं चित्र खोटं होतं का? त्यावेळी होतं. आता नाही.

खादाड_खंडू
चार मीटर चर्मपत्र आणि वर वाल. बिरड्याची उसळ. मी जेवायला जातो.

तर्कटराव
राधाताई, गोष्ट छान आहे पण माझाच मुद्दा सिद्ध होतो. बॉइसरेचं चित्र म्हणजे बिल्डरचं ब्रोशर झालं. "कलाकाराच्या कल्पनेतून." ते पुढे बांधलं गेलं हे नशीब, पण १८२५ साली तो छाप बघून कोणी क्योल्नला गेला असता तर त्याला क्रेनच दिसली असती.

शिळाप्रेस
ब्रोशर म्हणा, हरकत नाही. पण मग ब्रोशर आणि नोंद यात फरक करायला शिकायचं, सरसकट सगळ्याला खोटं म्हणून कसं चालेल. इंग्लंडमध्ये जॉन ब्रिटनने १८१४ ते १८३५ कॅथेड्रलांची मालिका काढली, पहिलं सॉल्झबरी. ले क्यू बंधूंनी कोरलेले त्यातले छाप मी हाताळले आहेत. कमानीवरच्या कोरीव पानाची एकेक शीर मोजून घ्या. त्याच सुमाराला थोरल्या प्युजिन या रेखाटनकाराने गॉथिकचे नमुने म्हणून आडवे-उभे छेद, मापं टाकून छापले, तिथे ढग नाहीत, झाडं नाहीत, गाय नाही. गवंड्याने घ्यावं आणि बांधावं. आणि घेतलंही. म्हणजे चित्रात गाय आणि मावळतीचे ढग असले तर पर्यटकांसाठी, फूट आणि इंच असले तर बांधणाऱ्यांसाठी. हा माझा ढोबळ नियम.

कोकणकन्या
हाहा, गायीचा नियम. नातू, तुमच्या चित्रात गाय आहे का?

डोंबिवलीकर_नातू
गाय नाही. एक होडी आहे आणि टोपलीवाली बाई.

शिळाप्रेस
पर्यटक.

वास्तुशांती
मुंबईवाल्यांनो, आपला संबंध इथे येतो. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने मुंबई विद्यापीठाची इमारत आणि राजाबाई टॉवर लंडनला बसून काढले. माणूस मुंबईत कधी आला नाही. कागद बोटीने आले, इथे १८६९ ते १८७८ बांधकाम झालं, ८५ मीटरचा मनोरा उभा राहिला. म्हणजे फोर्टमधून जाताना आपण जे बघतो तेही कागदावरून उतरलेलं गॉथिकच. फक्त इथल्या गवंड्यांनी आणि जेजे स्कूलच्या मुलांनी त्यात आपलं घातलं. व्हीटीला जाऊन खांबांची डोकी बघा, माकडं, मोर, पानंफुलं. ती काही युरोपातल्या छापातून आलेली नाहीत.

भटकभवानी
अवांतर: मेर्यों या फ्रेंच एचिंगवाल्याचं ते पॅरिसवर जीभ काढून बसलेलं शिंगवालं भूत कोणी सांगितलं कसं नाही? नोत्र दाम या पॅरिसच्या मोठ्या चर्चच्या वरून हनुवटीला हात लावून शहराकडे बघणारं. १८५३ चं एचिंग. मी कित्येक वर्षं त्याला मध्ययुगीन समजत होते. पॅरिसला गेल्यावर कळलं की ते भूत व्हिओले-ल-द्युक या वास्तुकाराने एकोणिसाव्या शतकात केलेल्या दुरुस्तीतलं, मेर्योंने काढलं तेव्हा नवंकोरं होतं! म्हणजे त्याने बिचाऱ्याने खरंच समोरचं काढलं, आणि खोटं आपण समजलो. आणि ते गार्गॉयलही नाही. गार्गॉयल म्हणजे आपलं गोमुख, पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला. हे नुसतं शोभेचं, याच्या तोंडातून काही येत नाही.

तात्या_सदाशिवपेठी
तोंडातून काही येत नसताना उंचावर बसून सगळ्या शहराकडे तुच्छतेने बघणे. हे भूत आमच्या पेठेतलं आहे.

तर्कटराव
तात्या :)
भटकभवानी, हे मान्य. पण आता जमाना लेझर स्कॅनचा. २०१९ ला नोत्र दाम जळलं तेव्हा अँड्र्यू टॅलन नावाच्या अभ्यासकाने आधीच करून ठेवलेलं स्कॅन उपयोगी पडलं. भिंत किती मिलिमीटर वाकडी तेही त्यात. कोरीव चित्रात हे मिळेल?

वास्तुशांती
नाही मिळणार. पण नोत्र दामचा जळालेला सुळका पुन्हा उभारला तो व्हिओले-ल-द्युकच्या एकोणिसाव्या शतकातल्या आराखड्याप्रमाणेच ना. स्कॅन काय होतं ते सांगतं, काय करायचं होतं ते रेखाटनातून कळतं. दोन्ही लागलं.

मुंबैचा_पोपट
मघापासून एक गोष्ट डोक्यात फिरतेय. वरती गोव्याच्या सेंट ऑगस्टिनचा विषय निघाला होता, शोधून बघितलं तर त्याचं छत कोसळलं १८४२ साली. राधाताई म्हणतात क्योल्नचं काम पुन्हा सुरू झालं १८४२. एकीकडे पडलं, दुसरीकडे उठलं. वास्तुपुरुषाची बदली झाली होती काय?

डोंबिवलीकर_नातू
मंडळी, अपडेट. शिळाप्रेस काकांच्या धाकाने आज रविवारी फ्रेम उघडली. मागचे खिळे गंजून गेलेले, पुठ्ठा हात लावताच भुगा. कागदावर तपकिरी ठिपके आहेत पण फाटलेला नाही. खालची पट्टी कोणीतरी कातरलीय, त्यामुळे "डेल" च्या आधीचं नाव अर्धं गेलंय, "स्कल्प" वालं तर पूर्णच. पण मधोमध शहराचं नाव शाबूत आहे, जुन्या स्पेलिंगात, "सी"ने सुरू होणारं. राधाताई बरोबर.

भिंगातून आकाश पाहिलं. रेघा एकदम सरळ, यंत्राच्या. आणि मग क्रेन पाहिली. नुसत्या डोळ्याला ती एक वाकडी रेघ दिसते, पण आत शिडी आहे हो! क्रेनच्या मानेवर तिरप्या बारीक काड्यांची, नखाच्या टोकाएवढ्या जागेत. मी तासभर तेच बघत बसलो, बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली.

आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आजोबांचं पेन्सिलीतलं अक्षर. "चोरबाजार. रु. १।।. भाव केला नाही."

आता हे ज्यांनी आमच्या आजोबांना पाहिलं नाही त्यांना कळायचं नाही. हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन गल्ल्या फिरायचा.

शिळाप्रेस
ब्लॉक करायचे म्हणालात ना. त्यांनी शिडी बघितली असणार.

जुना पुठ्ठा परत लावू नका, तो ॲसिडवाला, ठिपके त्याचेच. ॲसिड नसलेला बोर्ड मागा आणि काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे कडेने जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. कातरलेली कड माउंटखाली दाबायला सांगेल फ्रेमवाला, ऐकू नका, ती दिसू दे.

ऱ्हाइनकाठची_राधा
आणि आजोबांचं लिहिलेलं?

डोंबिवलीकर_नातू
तेवढा तुकडा कापून ठेवलाय. फ्रेमच्या मागे पाकीट करून लावायला सांगणार आहे. फ्रेमवाल्याने अठराशे सांगितलेत.

तात्या_सदाशिवपेठी
भाव करा.